काचघरातला सोवळ्याचा स्वयंपाक आणि एडमंड बर्क

1781 सालची गोष्ट. लंडनपासून पंचवीसेक मैलांवरच्या बीकन्सफील्ड गावात एका खासदाराने आपल्या बागेतलं काचघर पाहुण्यांसाठी मोकळं करून दिलं. थंडीत नाजूक झाडं जगावीत म्हणून श्रीमंत इंग्रज बागेत अशी काचेची खोली बांधत. या खोलीत मात्र आता चूल पेटली. आंघोळ करून, सोवळ्यात, कुणाचा हात लागू न देता एक ब्राह्मण तिथे स्वतःचं अन्न शिजवू लागला. इंग्रजी कागदांत त्याचं नाव ‘हुमंद राव’ असं येतं, म्हणजे आपले हणमंतराव. राघोबादादा पेशव्यांचे वकील म्हणून ते इंग्लंडला गेले होते. सोबत दोन पारशी होते, बाप आणि मुलगा. लंडनमध्ये त्यांचे फार हाल झाले. राहायला धड जागा नव्हती, खाण्यापिण्याचे नियम पाळता येत नव्हते. हे कानावर येताच या खासदाराने त्यांना उचलून आपल्या घरी आणलं. नंतर त्याने राघोबादादांना पत्रही पाठवलं. तुमच्या माणसाला सुरुवातीला जो त्रास झाला तो आमच्या लोकांच्या अज्ञानामुळे, मनात वाईट होतं म्हणून नव्हे, असा त्याचा आशय होता.

हा खासदार म्हणजे एडमंड बर्क. ज्या राघोबादादांच्या नावावर नारायणराव पेशव्यांच्या खुनाचा डाग आहे आणि ज्यांना रामशास्त्र्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, त्यांच्याच वकिलाचा तो यजमान झाला, हा योगायोगही लक्षात ठेवण्यासारखा. पुण्याचं राजकारण बर्कला फारसं कळत नसावं. पण परक्या घरात आपला धर्म सांभाळणाऱ्या माणसाची अडचण त्याला लगेच कळली. ती का कळली, हे समजलं की बर्कचं निम्मं आयुष्य समजतं.

बर्क इंग्रज नव्हता. 1729 साली तो आयर्लंडमध्ये, डब्लिनला जन्मला. वडील वकील, धर्माने प्रॉटेस्टंट, म्हणजे राज्यकर्त्यांच्या चर्चमधले. आई मेरी नेगल कॉर्क परगण्यातल्या जुन्या कॅथलिक घराण्यातली. मुलगे बापाच्या चर्चमध्ये जायचे, बहीण ज्युलियाना आईच्या. एका घरात दोन धर्म, आणि त्यातला एक कायद्याने दाबलेला.

कायद्याने दाबलेला म्हणजे किती, ते बघा. आयर्लंडमध्ये बहुसंख्य लोक कॅथलिक. पण कॅथलिक माणसाला मत नाही, संसदेत जागा नाही, वकिली करता येत नाही, जमीन विकत घेता येत नाही. पाच पौंडांपेक्षा जास्त किमतीचा घोडासुद्धा बाळगता येत नाही. बाप वारला की जमीन सगळ्या मुलांत वाटून तिचे तुकडे पडणार. पण थोरला मुलगा प्रॉटेस्टंट झाला तर सगळी त्याची. घरच्या घरात भांडण लावून धर्म मोडायचा, असा हा कायदा होता. बर्कने पुढे म्हातारपणी लिहिलं की, माणसाच्या वाकड्या बुद्धीतून लोकांना चिरडायला इतकं कसबी यंत्र दुसरं निघालं नसेल. लहानपणी तब्येतीच्या कारणाने तो बराच काळ आईच्या माहेरी राहिला. तिथे त्याने हे यंत्र आपल्या मामांच्या घरात चालताना पाहिलं. त्यानंतर तो क्वेकर पंथाच्या एका मास्तरांच्या शाळेत शिकला. कॅथलिक आजोळ, प्रॉटेस्टंट बाप, क्वेकर गुरू. पुढे ट्रिनिटी कॉलेज. 1750 मध्ये बापाने त्याला वकिली शिकायला लंडनला धाडलं.

वकिली त्याने सोडली आणि बाप चिडला. पोरगा लिहीत बसला. सौंदर्य आणि भव्यता यांवरच्या त्याच्या पुस्तकाने 1757 मध्ये नाव झालं, त्याच वर्षी जेन न्यूजंटशी लग्न झालं. तिचे वडील कॅथलिक डॉक्टर. पैसा मात्र नव्हता. मग त्या काळच्या हुशार पण गरीब माणसाने जे करायचं तेच त्याने केलं आणि मोठ्या माणसाचा चिटणीस झाला. 1765 मध्ये लॉर्ड रॉकिंगहॅम पंतप्रधान झाला आणि बर्क त्याचा खासगी चिटणीस. लगेच एका वजनदार ड्यूकने रॉकिंगहॅमला सावध केलं, की हा माणूस छुपा कॅथलिक आहे, जेझुइट म्हणजे कॅथलिकांच्या एका संघाचा पाद्री आहे, त्याचं खरं नावही वेगळंच आहे. बर्क जाऊन मालकाला म्हणाला, संशय असेल तर मी आत्ता जातो. रॉकिंगहॅमने त्याला ठेवून घेतलं. संशयाने मात्र त्याचा पिच्छा शेवटपर्यंत सोडला नाही. व्यंगचित्रकार त्याला नेहमी लांब नाक, चष्मा आणि पाद्र्याची टोपी घालून काढत. त्याच्या बोलण्यातला आयरिश हेल तर कधीच गेला नाही.

आता प्रश्न असा, की ना जमीन ना घराणं, असा हा माणूस संसदेत पोचला कसा? त्या काळी मतदान म्हणजे आज आपण समजतो तसलं काही नव्हतं. कित्येक मतदारसंघांत मतदार मूठभर असायचे आणि ते ज्याच्या घरांत राहायचे, त्या जमीनदाराच्या शब्दाबाहेर जात नसत. मतदान सगळ्यांसमोर, तोंडी. त्यामुळे तो मतदारसंघ जवळजवळ जमीनदाराच्या खिशातच असायचा, आणि इंग्रज त्याला म्हणतही तसंच. असा एक खिशातला मतदारसंघ म्हणजे वेंडोव्हर. तो लॉर्ड व्हर्नीच्या ताब्यात होता. 1765 च्या डिसेंबरात बर्क तिथून निवडून आला. सरळ बोलायचं तर वशिल्याने. लोकप्रतिनिधी म्हणजे काय, यावर जगाला धडे देणारा माणूस पहिल्यांदा असा आत शिरला, हे विसरू नये. तीनच वर्षांत त्याने बीकन्सफील्डला ग्रेगरीज नावाची सहाशे एकरांची इस्टेट घेतली, तीही मुख्यतः कर्ज काढून. संसदेत मान हवा तर जमीन हवी, हे त्याला ठाऊक होतं. ऋण काढून सण केला, आणि ते ऋण त्याला आयुष्यभर फिटलं नाही.

बोलायला मात्र त्याच्यासारखा तोच. निदान पहिली काही वर्षं. नंतर त्याची भाषणं इतकी लांबायला लागली, की तो उभा राहिला की खासदार उठून जेवायला जात. त्याला ‘जेवणाची घंटा’ असंच नाव पडलं होतं. हीच भाषणं छापून आली की लोक मन लावून वाचत.

1770 मध्ये त्याने राजकीय पक्ष म्हणजे काय, याची एक व्याख्या केली. तोपर्यंत पक्ष म्हणजे टोळी, कारस्थान, राजाशी बेइमानी असंच समजलं जाई. बर्क म्हणाला, काही माणसांना एखादं तत्त्व एकत्र पटलेलं असेल आणि त्या तत्त्वाने देशाचं भलं करण्यासाठी ती एकजुटीने झटत असतील, तर तो पक्ष, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. एकेकटा सज्जन राजकारणात निरुपयोगी ठरतो. आज हे ऐकताना त्यात काय विशेष, असं वाटतं. त्या वेळी विशेष होतं.

पुढचा प्रसंग मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 1774 मध्ये ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांनी बर्कला उमेदवारी दिली. ब्रिस्टल खिशातलं गाव नव्हतं. मोठं बंदर, हजारोंनी मतदार. अमेरिकेतल्या वसाहतींवर जबरदस्तीने कर लादू नका, असं बर्क सांगत होता आणि ब्रिस्टलचा धंदा अमेरिकेवर चालत होता, म्हणून तो त्यांना हवा होता. दोन जागा होत्या. दुसऱ्या जागेवर निवडून आलेला हेन्री क्रूगर म्हणाला, मतदार सांगतील तसं मी वागेन. टाळ्या पडल्या. मग बर्क उभा राहिला आणि त्याने बरोबर उलटं सांगितलं. तुमचा प्रतिनिधी तुम्हाला आपले कष्ट देणं लागतो, तसा आपला विवेकही देणं लागतो. तुमच्या मतासाठी त्याने तो विवेक गहाण टाकला तर तो तुमची सेवा करत नाही, दगा देतो. संसद म्हणजे निरनिराळ्या गावांच्या वकिलांचा बाजार नव्हे. तुम्ही ब्रिस्टलचा खासदार निवडता खरा, पण निवडून आल्यावर तो ब्रिस्टलचा उरत नाही, देशाचा होतो.

म्हणजे खासदार हा सांगकाम्या की विश्वस्त, असा हा वाद आहे. आपल्याकडे व्हिप मोडला की आमदारकी जाते. बर्कचं भाषण आपल्या पक्षांतरबंदीच्या कायद्याशेजारी ठेवून वाचलं की गंमत कळते. पण बर्कलाही सोयीस्कर मोठेपणा देऊ नये. निवडून आल्यावर तो ब्रिस्टलला फारसा फिरकलाच नाही. मतदारांची ती तक्रार खरी होती.

त्याने आपला शब्द मात्र पाळला, आणि तो त्याला महागात पडला. 1778 मध्ये आयर्लंडच्या व्यापारावरची बंधनं सैल करण्याचा प्रस्ताव आला. आयरिश माल आला तर आमचा धंदा बुडेल, असं ब्रिस्टलचे व्यापारी ओरडत होते. बर्कने आयर्लंडच्या बाजूने मत दिलं. त्याच वर्षी कॅथलिकांवरचे काही निर्बंध उठवणाऱ्या कायद्यालाही त्याने हातभार लावला. त्या कायद्याविरुद्ध 1780 च्या जूनमध्ये लंडन पेटलं. कॅथलिकांची प्रार्थनाघरं जाळली गेली, तुरुंग फोडले गेले, शेकडो माणसं मेली. बर्कच्या घरावर सैनिकांचा पहारा बसवावा लागला. त्या वर्षीच्या निवडणुकीत ब्रिस्टलमध्ये आपण येत नाही हे दिसल्यावर त्याने माघार घेतली आणि मुकाट्याने रॉकिंगहॅमच्या खिशातल्या माल्टन मतदारसंघातून निवडून आला. विवेक शाबूत ठेवायचा तर खिसा लागतो, असा हा विचित्र हिशेब. 1782 आणि 1783 मध्ये मिळून काही महिने तो सैन्याच्या पगारखात्याचा प्रमुख होता, तेवढंच त्याचं मोठं सरकारी पद. आधीचे अधिकारी सरकारी रक्कम स्वतःकडे ठेवून तिच्या व्याजावर गब्बर झाले होते. बर्कने कायदा करून ती वाट बंद केली, अंगावर कर्ज असताना. मंत्रिमंडळात मात्र तो कधीच बसला नाही.

आणि मग हिंदुस्थान.

1781 पासून बर्क ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराची चौकशी करणाऱ्या समितीत होता. तो हिंदुस्थानात कधीच आला नव्हता. पण समितीतले कागद, हिशेब, पत्रव्यवहार त्याने असा वाचला, की लंडनमध्ये बंगालच्या महसुलाबद्दल त्याच्याइतकं जाणणारे थोडेच असतील. लंडनमध्ये बसून कलकत्ता चालवायचं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकण्यासारखंच, आणि तिकडे प्रत्यक्षात काय चालतं ते 1 डिसेंबर 1783 च्या भाषणात त्याने मांडलं. मिसरूडही न फुटलेली पोरं तिथे राज्य करतात, लोकांशी त्यांचा काही संबंध नसतो, पैसा करून परत जायचं एवढंच डोक्यात. शिकारी पक्ष्यांच्या थव्यामागून थवे येत राहतात आणि देशाला पुढे येणाऱ्या नव्या थव्यांशिवाय काही दिसत नाही. ऐकणाऱ्यांना हिंदुस्थानचा आवाका कळावा म्हणून त्याने जर्मनीचा नकाशा डोळ्यांसमोर उभा केला. अयोध्येचा नवाब म्हणजे समजा प्रशियाचा राजा, अशी एकेक जोडी लावून दाखवली. कंपनीचा कारभार संसदेच्या देखरेखीखाली आणणारं ते विधेयक बर्कचा मित्र आणि तेव्हाच्या सरकारातला मंत्री फॉक्स याच्या नावाचं असलं तरी बरंचसं बर्कचं होतं. खालच्या सभागृहात ते मंजूर झालं. वरच्या सभागृहात राजाने निरोप पाठवला, की जो याच्या बाजूने मत देईल तो माझा मित्र नाही. विधेयक पडलं, सरकारही पडलं.

बर्कने मग माणूस धरला. वॉरन हेस्टिंग्ज, बंगालचा गव्हर्नर जनरल, 1785 मध्ये इंग्लंडला परतला होता. त्याच्यावर महाभियोग चालवायचा. महाभियोग हा शब्द आपल्या राज्यघटनेमुळे ओळखीचा आहे. त्याची इंग्रजी रीत अशी, की संसदेचं खालचं सभागृह फिर्यादी होतं आणि वरचं सभागृह न्यायाधीश. 1786 मध्ये बर्कने बावीस आरोप मांडले. बनारसच्या चेतसिंगाकडून जबर पैसा उकळणं आणि त्याला गादीवरून घालवणं, अयोध्येच्या बेगमांचा खजिना लुटवणं, नजराणे घेणं. विसावा आरोप मराठ्यांशी झालेलं युद्ध आणि तह यांचा होता. राघोबादादांना गादीवर बसवण्याच्या नादात सुरू झालेलं, वडगावला इंग्रजांची नाचक्की करणारं आणि 1782 मध्ये सालबाईला संपलेलं हेच ते युद्ध. त्याची सुरुवात कंपनीच्या मुंबईतल्या अधिकाऱ्यांनी केली होती, हेस्टिंग्जने नव्हे. पण पुढे ते त्यानेच चालवलं.

13 फेब्रुवारी 1788 ला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये खटला उभा राहिला. राणी हजर, सरदार झग्यांत, तिकिटांसाठी मारामारी. फिर्यादी बाजूकडे पाहिलं की एक गोष्ट दिसते. मुख्य फिर्यादी बर्क डब्लिनचा. बेगमांच्या प्रकरणावर भाषण करून सगळ्यांना वेड लावणारा नाटककार शेरिडन डब्लिनचा. आणि पडद्यामागून कागद पुरवणारा, कलकत्त्यात हेस्टिंग्जशी द्वंद्व खेळून गोळी खाल्लेला फिलिप फ्रान्सिस, तोही जन्माने डब्लिनचा. हे ठरवून झालेलं नव्हतं. पण वसाहतीत वाढलेल्यांना वसाहतीचा कारभार लवकर ओळखू येतो, असं मला वाटतं.

बर्क चार दिवस बोलला. रंगपूरच्या रयतेवर महसुलासाठी झालेले छळ त्याने असे वर्णन केले, की गॅलरीतल्या काही स्त्रियांना भोवळ आली. त्या छळांशी हेस्टिंग्जचा थेट संबंध फिर्यादीला नीट जोडता आला नाही, हेही नोंदवायला हवं. बर्क वाहवत जायचा, आणि खटल्यात वाहवत जाऊन चालत नाही. पण त्याच भाषणात त्याचा खरा मुद्दा होता. हेस्टिंग्जच्या बाजूचं म्हणणं असं, की आशियात राज्य असंच चालतं, तिथले लोक मनमानीलाच सरावलेले आहेत. बर्क म्हणाला, हा तर भूगोलाप्रमाणे बदलणारा धर्म झाला; म्हणजे विषुववृत्त ओलांडलं की माणसाचे सद्गुण मरतात. असा धर्म मला मान्य नाही. लंडनमध्ये जी लाच ती कलकत्त्यातही लाचच. आणि हिंदू-मुसलमानांना स्वतःचे कायदे आहेत, त्या कायद्यांतही राजाला मनमानी करता येत नाही.

तो इंग्रजांनी हिंदुस्थान सोडून जावं असं म्हणत नव्हता. त्याला साम्राज्य मोडायचं नव्हतं, विश्वस्ताचं साम्राज्य हवं होतं. शिवाय त्याचा आप्त विल्यम बर्क तंजावरच्या राजाचा हस्तक म्हणून काम करत होता, त्यामुळे मद्रासकडच्या प्रश्नांत त्याचे हात पुरते कोरडे नव्हते. टीकाकार हे तेव्हाही म्हणत, आजही म्हणतात, आणि ते खोटं नाही.

खटला सात वर्षं चालला. वर्षातून थोडेच दिवस काम, मध्ये निवडणुका, राजाचं वेड, फ्रान्सची राज्यक्रांती. लोक कंटाळले. न्यायाधीश म्हणून बसलेले किती तरी सरदार मधल्या काळात वारले. 23 एप्रिल 1795 ला निकालाच्या वेळी मत द्यायला फक्त 29 सरदार उरले होते. हेस्टिंग्ज सगळ्या आरोपांतून सुटला. वकिलांच्या खर्चाने तो कफल्लक झाला होता. कंपनीने त्याला वर्षाला चार हजार पौंडांचा तनखा बांधून दिला.

या सात वर्षांत बर्कचं घर आणि पक्ष दोन्ही मोडले. 1789 मध्ये फ्रान्समध्ये क्रांती झाली तेव्हा व्हिग या त्याच्या पक्षातले मित्र नाचले. अमेरिकेची बाजू घेणारा, हिंदुस्थानच्या रयतेसाठी लढणारा बर्क क्रांतीच्या बाजूने असणार, असं सगळ्यांना वाटलं. त्याने 1790 च्या नोव्हेंबरात ‘रिफ्लेक्शन्स ऑन द रिव्होल्यूशन इन फ्रान्स’ छापलं आणि क्रांतीवर तुटून पडला. जुनं घर दुरुस्त करावं, पाया उखडू नये. कागदावरच्या हक्कांसाठी पिढ्यानपिढ्यांची घडी मोडली की शेवटी लष्करी हुकूमशहा येतो. राजाची मान कापली जाण्याच्या आणि नेपोलियन येण्याच्या कितीतरी आधी त्याने हे लिहिलं. क्रांतीची बाजू घेणाऱ्या टॉमस पेन या लेखकाने त्याला खरमरीत उत्तर दिलं आणि ते उत्तरही धडाक्याने खपलं. बर्क पालटला का? माझ्या मते नाही. कलकत्त्यातला कंपनीचा साहेब आणि पॅरिसमधला क्रांतिकारक, दोघेही लोकांची जुनी घडी एका फटक्यात मोडतात, हा त्याचा राग होता. पण गरीब फ्रेंच शेतकऱ्याच्या पोटातली आग त्याला दिसली नाही, हेही तितकंच खरं. मामाच्या घरातला अन्याय दिसणाऱ्याला व्हर्सायच्या राणीचे अश्रूच आधी दिसले.

6 मे 1791 ला भर संसदेत त्याने पंचवीस वर्षांच्या मित्राशी, फॉक्सशी, नातं तोडलं. मैत्री तुटत नाही ना, असं फॉक्सने हळूच विचारलं. तुटली, असं बर्कने मोठ्याने सांगितलं. फॉक्स उत्तराला उभा राहिला तेव्हा त्याला रडू आवरत नव्हतं. पुढे मरणाच्या दारात असतानाही बर्कने फॉक्सला भेट दिली नाही. 1794 मध्ये त्याने संसद सोडली आणि माल्टनची जागा मुलाला, रिचर्डला मिळाली. काही दिवसांतच, 2 ऑगस्टला, रिचर्ड गेला. एकुलता एक वाढलेला मुलगा. या मुलाने आयर्लंडच्या कॅथलिकांचं वकीलपत्र घेतलं होतं. 1793 मध्ये त्यांना मताचा हक्क मिळाला, संसदेत बसण्याचा मात्र नाही. 9 जुलै 1797 ला बर्क बीकन्सफील्डला वारला आणि तिथल्याच चर्चमध्ये मुलाशेजारी पुरला गेला.

ज्याला तो गुन्हेगार ठरवू पाहत होता, तो हेस्टिंग्ज 1813 मध्ये, ऐंशी वर्षांचा असताना, कंपनीच्या सनदेबाबत साक्ष द्यायला पुन्हा संसदेत आला. तो निघाला तेव्हा सगळं सभागृह टोप्या काढून उभं राहिलं. त्याच वर्षी बीकन्सफील्डला ग्रेगरीजचं ते घर जळून गेलं.